आईचा रकाना

बुचॉन, दक्षिण कोरिया, १२ नोव्हेंबर २००७

ताईस नमस्कार.

फोन सोडून पत्र आलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. तुझा फोन बैठकीत, दाजी शेजारी पेपर वाचत बसलेले, आणि सुट्टीला तुझी मिरान आलेली असली तर ती पहिल्या घंटीला उचलणार. म्हणून हे लिहिणं.

माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. बावीस ऑक्टोबरला ऑपरेशन झालं, मी घरी आले, बरी आहे. लहानशीच होती. आधी कळवलं असतं तर तू युजाच्या लिंबांची तोडणी टाकून धावत आली असतीस आणि पुढची वीस वर्षं मला ऐकवलं असतंस, की तुझ्यापायी त्या वर्षी फळं झाडावरच राहिली.

तपासणीचं सरकारी पत्र दर दोन वर्षांनी येतं. आधीची दोन मी घडी करून शिलाई मशीनच्या पायाखाली घातली होती, मशीन डुगडुगायचं म्हणून. या वेळी शेजारची भाजीवाली जायला निघाली होती, तिला सोबत म्हणून गेले. ती ठणठणीत निघाली.

खरं सांगायचंय ते वेगळंच. ऑपरेशनच्या आधी एक फॉर्म भरायला दिला. पाळी कितव्या वर्षी आली, लग्न झालंय का, मुलं किती, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, अंगावर किती महिने पाजलं. या सगळ्यावर म्हणे आजाराचा धोका कमी-जास्त होतो. मी मुलांपुढे शून्य लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा शून्य लिहिलं. नर्स म्हणाली, बाई, काहीतरी एक ठेवा. मी म्हटलं, एक मूल, एकोणिसाव्या वर्षी, त्रेचाळीस दिवस पाजलं. तिने ‘दीड महिना’ लिहिलं आणि पान उलटलं. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा हे मोठ्याने बोलले होते ताई, आणि तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

आता तुला विचारायचंय ते आपल्या आईचं. तिला नक्की काय झालं होतं? मला सगळे तिच्या छातीत गळू झालंय असं सांगायचे. तिचं सगळं तूच केलंस. डॉक्टरांना माहिती हवी आहे.

येऊ नकोस. हात वर जात नाही एवढंच, बाकी शिवणाच्या दुकानात कात्री चालते.

तुझी ओकनान

*

गोहुंग, १९ नोव्हेंबर २००७

ओकनान,

येऊ नकोस म्हणे. चार आठवडे झाले आणि मला आज कळतंय. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही कुणी केली? भाजीवालीने?

आईचं विचारतेस तर सांगते. ते गळू नव्हतं. आई बेचाळीसची होती, मी अठराची, तू अकराची. तिने वर्षभर कुणाला कळू दिलं नाही, छातीला पट्टा घट्ट आवळून शेतावर जायची. शेवटी वास यायला लागला तेव्हा मला सांगितलं. मी ते कपडे खाडीवर नेऊन धुवायची, विहिरीवर नेले तर बायका विचारतील म्हणून. ती एकच सांगायची, ओकनानला यातलं काही कळू देऊ नकोस, ती लहान आहे. मग मीही गळूच म्हणत राहिले. सांग तुझ्या डॉक्टरांना.

पण फॉर्मवर ते कशाला लिहिलंस? आपलं ठरलं होतं. मला लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं, सासूबाई दुसरी सून बघायला निघाल्या होत्या. तुझा तो माणूस बांधकामावर अरबांच्या वाळवंटात गेला तो गेलाच. आपण दोघी यॉसूच्या मामीकडे जाऊन राहिलो आणि येताना बाळ माझ्या पाठीला बांधलेलं होतं. त्या दिवसापासून मिरान माझी मुलगी आहे. तुझ्या दाजींनी स्वतः जाऊन नाव नोंदवलं. गावाला ठाऊक नाही, तिच्या सासरी ठाऊक नाही, तिला ठाऊक नाही. हॉस्पिटलच्या कागदाला पाय फुटतात ओकनान. मिरान ग्वांगजूला लायब्ररीत काम करते, तिच्या ओळखीपाळखी किती.

तुझ्या दुखण्यात मी हे काय घेऊन बसले, असं वाटेल तुला. रात्रंदिवस तुझाच विचार आहे. युजाचा मुरंबा चार बरण्या पाठवते आहे, गरम पाण्यातून घे. आणि मांस जरा कमी कर, दाजींनी टीव्हीवर ऐकलंय.

सुनदोक

*

बुचॉन, ८ जानेवारी २००८

ताई,

मुरंबा पोचला. केमो सुरू झाल्यापासून तोंडाला धातूची चव असते, त्यात तेवढाच एक जातो.

आईचं डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं, जनुकांसाठी. निकाल आला. आपल्या घरातच दोष आहे. आईकडून मला आला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हळू बोलतात. म्हणाल्या, आपल्याकडच्या बायकांना हा आजार तसाही लवकर गाठतो, परदेशात साठीनंतर येतो तो इथे चाळिशीतच येऊन बसतो. आणि असा दोष असला तर त्याच्याही आधी, तिशीतसुद्धा. पण लवकर सापडला तर दहातल्या नऊजणी पाच वर्षांनीही चालत्याफिरत्या असतात. उशीर झाला की हिशेब बदलतो.

मग त्यांनी कागदावर झाडासारखं काहीतरी काढलं. वर आई, खाली आपण दोघी. म्हणाल्या, बहिणीला असायची शक्यता निम्मी. त्यांनी माझ्या नावाखाली आणखी एक रेघ ओढली आणि गोल काढला. म्हणाल्या, तुमच्या मुलीलाही निम्मी. तिचं वय काय?

मी म्हटलं, एकतीस.

त्या म्हणाल्या, मग तिला घेऊन या.

सरकारी पत्र चाळिशीला येतं ताई. मिरानला ते यायला नऊ वर्षं आहेत. तू तुझं रक्त तपासून घे, आणि तिचंही. काय सांगून घ्यायचं ते तू ठरव.

ओकनान

*

गोहुंग, २० फेब्रुवारी २००८

ओकनान,

दाजींबरोबर शहरात जाऊन रक्त दिलं होतं. काल निकाल आला. माझ्यात दोष नाही. मी आईचे कपडे धुतले, मी सत्तावन्नची झाले, आणि मी सुटले. परतताना गाडीत दाजी गाणं गुणगुणत होते. मला तुझं तोंड डोळ्यांपुढे येत होतं.

संध्याकाळी मिरानचा फोन आला. तुझं आणि आईचं दुखणं, मी रक्त द्यायला गेले, हे सगळं तिला दाजींनीच सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, काही नाही निघालं. ती आधी हसली मग रडली. लायब्ररीत बसून तिने सगळं वाचून काढलं होतं. म्हणाली, “आईत नाही म्हणजे माझ्यात येणारच नाही. माझी सुटका झाली, पोरीचीही झाली.” तिची पोर आता दोन वर्षांची आहे. आणि मी हो म्हटलं. ओकनान, मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मला सांग मी काय करायला हवं होतं? तुझ्या मनात काय आहे ते एकदा स्पष्ट लिही. इतकी वर्षं तू कधी काही मागितलं नाहीस. आता आजारी पडलीस, एकटी आहेस, आणि तुझ्या नावाखाली डॉक्टर गोल काढतात. तुला ती परत हवी आहे का? मी तिला गोवरात मांडीवर घेऊन बसले आहे. तिच्या लग्नात मी बसले आईच्या जागेवर. मी आता सोडून द्यायला शिकणार नाही, माझं वय गेलं.

सुनदोक

*

बुचॉन, २७ फेब्रुवारी २००८

ताई,

विचारलंस म्हणून लिहिते.

हो, हवी आहे. रोज हवी होती. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी इथे समुद्रशेवाळाचं सूप करते. बाळंतिणीचं म्हणून मामीने मला जे दिलं होतं तेच, आणि एकटीच पिते. गोहुंगला आले की दोन दिवसांच्या वर राहत नाही, तिसऱ्या दिवशी मला निघवणार नाही हे माहीत आहे म्हणून. पण मागायची असती तर ती सहा वर्षांची असताना मागितली असती. तेव्हा ती गावच्या रस्त्यावर पडली, गुडघा फुटला, मी शेजारी उभी होते, आणि ती माझ्या अंगावरून धावत तुझ्याकडे गेली. त्या दिवशीच मी हिशेब मिटवला.

आता एक मीही लपवलेलं सांगते. गाठ लहानशी नव्हती. पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठींसकट. आंघोळीला बसते तेव्हा डावीकडे फासळ्या मोजता येतात. मिरानला नऊ वर्षं बसवून वाट बघायला लावायचं असेल तर हे चित्र डोळ्यांपुढे ठेव.

तिला माझं नाव सांगू नकोस. मी मेले तरी सांगू नकोस. फक्त तिचं रक्त तपास.

ओकनान

*

गोहुंग, १५ मार्च २००८

ओकनान,

तुझं पत्र मी गोठ्यात जाऊन वाचलं.  चौथ्या दिवशी दाजी म्हणाले, कुणाशीतरी बोल आता.

मग मिरानला बोलावून घेतलं. सांगितलं, मी खोटं बोलले होते, माझा निकाल वाईट आहे. तू घाबरशील म्हणून चांगला सांगितला. खरा, चांगल्या निकालाचा कागद दाजींनी बियाण्याच्या डब्यात लपवलाय, तिच्या हाती लागू नये म्हणून. तिचा चेहरा पांढरा पडला, मग माझ्यावर अशी चिडली, की या वयात असं लपवतात का, आजीनेही असंच केलं ना. दुसऱ्या दिवशी तिने रक्त दिलं. निकालाला महिना-दीड महिना लागेल.

तेव्हा आता तू निश्चिंत राहा. काम झालं आणि कुणाचं काही मोडलं नाही.

पूर्ण काढलं हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी तुझी मोठी बहीण आहे की कोण आहे?

सुनदोक

*

बुचॉन, ३० मार्च २००८

ताई,

फार बरं केलंस. असं काही सुचेल असं मला वाटलंही नव्हतं. तू लहानपणी साधं फळ चोरल्याचंही लपवू शकायची नाहीस.

शेवटची केमो झाली. डोक्यावर बदकाच्या पिल्लासारखी लव आली आहे. छातीच्या रिकाम्या बाजूला भरायला मी स्वतःच एक पिशवी शिवली, उशीत घालतात ती धान्याची टरफलं भरून. दोन्हीकडचं वजन बरोबर यावं म्हणून भाजीवालीच्या तराजूवर तोलली. तपासणीला गेले तेव्हा वॉर्डातल्या एकीने हात लावून बघितली, आता सहाजणींनी शिवून मागितल्या आहेत. सगळ्या माझ्याहून लहान. एक तर चौतीसची, तिचं बाळ रांगतंय.

मिरानचा फोन आला होता. पाच मिनिटं बोलली. बोलणं सगळं तुझंच, आईला भूक लागत नाही, आईने हे लपवलं, आईला एकटीला कसं सोडू. मग म्हणाली, मावशी, तू खंबीर आहेस म्हणून बरं, तुझी काळजी करावी लागत नाही. मी म्हटलं, ते खरंच आहे.

तब्येतीला जप.

ओकनान

*

गोहुंग, २८ मे २००८

ओकनान,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

मिरानचा निकाल एप्रिलच्या शेवटी आला. तिच्यात दोष आहे. ती माझ्यापुढे रडली नाही. उलट मलाच धीर द्यायला लागली, आपण दोघी मिळून बघू म्हणाली. मार्चपासून दर शनिवारी दीड तास गाडी चालवून यायची, पोरीला घेऊन. माझे पाय चेपायची, ब्रोकोली उकडून घालायची, दाजींना ओरडायची की आईसमोर सिगरेट ओढायची नाही. इतकं प्रेम मला या पोरीने आयुष्यात कधी दाखवलं नव्हतं, आणि मी मान खाली घालून एकेक घास गिळायची. ते सगळं तुझं होतं. तू तिथे एकटी पिशवी तोलत बसलीस आणि मी इथे निरोगी बाई पाय चेपून घेत होते.

मग तिने माझी सोलला मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. दोष असलेल्या बायकांचे बीजकोश काढतात म्हणे, पुढचा धोका टळावा म्हणून. तीही बरोबर. मला झगा घालून बसवलं. ती बाजूला माझी पिशवी मांडीवर घेऊन. नर्स म्हणाली, जुना निकाल आणलाय का? मिरान पिशवीत शोधायला लागली. मी तिचा हात धरला.

मी म्हटलं, “मिरान, त्यात सापडणार नाही. माझ्यात काही नाही. तुझ्यात आलंय ते तुझ्या मावशीकडून आलंय.”

ती म्हणाली, “मावशीकडून कसं येईल?”

 ती लायब्ररीत काम करते, हुशार पोर. मला दिसत होतं, तिच्या डोक्यात ते जागेवर बसत चाललंय. तिने फक्त विचारलं, “बाबांना माहीत आहे?” मी होकाराची मान हलवली.

तिने मला कपडे बदलायला मदत केली. मला बटण लावता येत नव्हतं, तिने लावलं. पाच तास गाडी चालवून मला घरी सोडलं. वाटेत मी कूस बदलली तर सीटचा पट्टा सैल करून द्यायची. दारात उतरवलं आणि आत न येता निघून गेली. त्याला आज अठरा दिवस झाले. ना फोन, ना शनिवार. जावयाला फोन केला तर म्हणाले, तिला थोडा वेळ द्या.

मी तुला दिलेला शब्द मोडला. तुझ्याकडे आली तर कळव.

सुनदोक

*

बुचॉन, ४ जून २००८

ताई,

आली नाही. रागावले नाही तुझ्यावर. तू जी चार वाक्यं बोललीस ती मला एकतीस वर्षांत जमली नाहीत.

दुकानाच्या दाराला पडदा होता तो मी काढला आहे. उकाडा आहे म्हणून सगळ्यांना सांगते.

ओकनान

*

बुचॉन, ३ सप्टेंबर २००८

ताई,

बसून वाच.

गेल्या गुरुवारी दुपारी मी एका मुलीच्या शाळेचा स्कर्ट आखूड करत होते. मान वर केली तर मिरान दारात. बारीक झाली आहे. मी उठले नाही. तीच आत येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. मी शिवत राहिले, कारण थांबले असते तर काय करायचं ते कळलं नसतं.

स्कर्टची एक बाजू शिवून झाली तेव्हा ती म्हणाली, “तू दर वर्षी यायचीस. दोन दिवस राहायचीस आणि माझ्याकडे बघायचीही नाहीस. मला वाटायचं, मावशीला मी आवडत नाही.”

मी मशीन थांबवलं. म्हटलं, तू झोपलीस की बघायची.

ती खूप रडली ताई. मग राग आला तिला, खूप बोलली. तुझ्यावर, माझ्यावर, तिच्या बाबांवर. आजवर भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर चुकीचं लिहिलं म्हणाली. पोरगी झाली तेव्हा डॉक्टरांनी घरचे आजार विचारले होते तेही चुकीचं. मी ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की मी तिचं नाव काय ठेवलं होतं. मी म्हटलं, ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं असतं तर देता आलं नसतं. मिरान हे नाव तुझ्या आईने ठेवलं, यॉसूच्या बसमध्ये, मांडीवर घेऊन.

त्या रात्री ती माझ्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी तिची सोलला पहिली मोठी तपासणी होती, त्यासाठीच आली होती. मला म्हणाली, चल बरोबर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? मिरान म्हणाली, “आईला. पन्नासाव्या वर्षी.” मुलीने लिहिलं. मग विचारलं, त्या हयात आहेत का? मिरानने बाजूला सरून मला पुढे केलं. म्हणाली, “या काय.”

तपासणी स्वच्छ निघाली. आता दर सहा महिन्यांनी जायचं, आणि पुढे काय करायचं ते ती आणि तिचा नवरा ठरवतील. ती घाबरलेली आहे पण लवकर कळलंय. डॉक्टर म्हणाले, हीच वेळ होती.

बाहेर आल्यावर जिन्यात ती म्हणाली, “मावशी, जपून, पायरी ओली आहे.” मी थांबले. तिच्याही लक्षात आलं, तीही थांबली. मग तिने माझा दंड धरला, उजवा, दुखत नाही तो, आणि आम्ही उतरलो. पुढे दिवसभर ती मावशीच म्हणत होती. ताई, मला वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. रात्री दिवा घालवल्यावर मी ते तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकत राहिले, ‘आईला, पन्नासाव्या वर्षी’. तेवढा एका कागदावरचा रकाना मला मिळाला. बाकी सगळं तुझं आहे आणि तुझंच राहील, ते मला तिच्या तोंडावरून कळलं. ती तुझ्यावर जेवढी चिडली आहे तेवढं माणूस फक्त आईवरच चिडतं.

सुगीच्या सणाच्या आधीच्या शनिवारी ती तुझ्याकडे येते आहे. मला विचारत होती, आई बोलेल ना माझ्याशी? तिला अजून राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. तू काही समजावत बसू नकोस, माफी मागू नकोस, रडू तर मुळीच नकोस. भूक लागलेली असेल. पान वाढ.

ओकनान